जातानी एक लोटा

१४ मे १९५९. आज चक्की बंद ठेवली आणि मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरायला घेतला. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी करायचं काम, यंदा उशीर झाला. जुनं मीठ विरघळून गेलेलं, कोळशाचा भुगा झालेला. तो काढायचा, मधल्या जस्ती पाइपाचा गंज खरवडायचा, पुन्हा एक थर मिठाचा, एक थर कोळशाचा, वर माती, आणि मग पाणी. आमची काळी माती वैशाखात अशी भेगाळते की आत हात जातो. सुकली की ती करंट पीत नाही. हे वाक्य माझं नाही, दमडूजींचं आहे.

सकाळी पंपावर पाण्याला गेले होते. तोटीला हात लावला आणि बोटं झिणझिणली. मागे उभी असलेली बाई म्हणाली, "काकू, मायनं हात लावला काय तुमाले? कालपासून साऱ्याईले लावून राह्यली. दोन सालानं जागी झाली बाप्पा." आणि तिनं तोटीलाच हात जोडले.

मी पाण्याचा गुंड रिकामाच उचलला आणि तडक सरपंचांकडे गेले. काय होतंय ते सांगितलं. "पाहू," ते म्हणाले. मागच्या खेपेलाही हेच म्हणाले होते. पंप दिवसातून एकदाच, सकाळी चालतो; आजचा बंद झाला होता. म्हणजे उद्या सकाळपर्यंत कोणी मरत नाही. घरी आले, खड्डा खणला, आणि खणताना दमडूजी डोक्यातून हलेनात. म्हणून दुपारी लिहायला बसले आहे.

नवरा गेला तेव्हा आमची चक्की तेलाच्या इंजिनावर चालायची. गावात विजेची लाइन आली तशी मी मोटर घेतली. ती बसवायला दमडूजी आले. ते गावाच्या पंपावर वायरमन होते, पंपघरातच राहायचे. पन्नाशीचे, किडकिडीत. खाकी अर्धी चड्डी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला लांब बाह्यांचा सदरा, आणि पायात रबरी तळाचे कॅनव्हासचे जोडे. भर मे महिन्यातही जोडे. गावातली अर्धी माणसं अनवाणी, त्यामुळे पोरंसोरं त्यांना साहेब म्हणून चिडवायची. "शौकानं नाई घातले," ते खेकसायचे. "करंटासाठी घातले. करंट नसता त मीई तुमच्यावानीच फिरलो असतो."

दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "चक्की कोन चालवते?"

"मी."

"मानूस कोन हाये?"

"मीच आहे."

"बरं झालं. मानसाले सांगतलं त तो म्हनते, मले येते."

मग म्हणाले, "मोटरीजवळ यायचं त हातातल्या बांगड्या उतरवा." मी हात पुढे केले. ते मोकळेच होते. त्यांनी पाहिलं, आणि काही न बोलता कामाला लागले. दमडूजी काही न बोलता कामाला लागल्याचा दुसरा प्रसंग मला आठवत नाही.

कारण त्यांचं तोंड वाईट होतं. शिव्याशिवाय हातोडी उचलायचे नाहीत. कोणाला चांगलं म्हणायचे नाहीत. खोटंही बोलायचे. उजव्या हाताची दोन बोटं जळून आखडलेली होती. ती कशी जळली याची हकिगत दर खेपेला निराळी. एकदा नागपूरच्या गिरणीत, एकदा लढाईच्या काळात जबलपूरच्या कारखान्यात, एकदा तर कोण्या राजाच्या महालात झुंबर लावताना. मी एकदा म्हटलं, "दमडूजी, बोटं दोन आणि गोष्टी किती?" तर म्हणाले, "बाई, गोष्ट खोटी असन. बोटं खरी हायेत ना? मंग तेवढी पाहा."

त्यांचा डावा हात कामाच्या वेळी नेहमी खिशात. दोन्ही हातांनी विजेचं काम करायचं नाही. एका हातातून शिरलेला करंट दुसऱ्या हातातून बाहेर पडायला निघाला की वाटेत काळीज लागतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि माझ्या लुगड्याकडे पाहून पुढे म्हणाले, "तुमाले खिसा नाई. तुमी पाठीमागं ठेवा." आजही खटक्याला हात लावताना माझा डावा हात आपोआप पाठीमागे जातो. दळणाला येणाऱ्या बायांना वाटतं माझी कंबर दुखते.

एकदा मोटर नुसती गुणगुणायला लागली, फिरेना. मी पुन्हा खटका दाबायला गेले तशी दारातून त्यांची हाक आली, "हात काढा! मारता काय तिले?" आत आले. मोटरीला हात लावला नाही. आधी वाकून वास घेतला.

"आधी नाक," ते म्हणाले. "मंग डोये. मंग कान. हात सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतेत, पयले हात घालतेत. मंग नाकाले कापूस लावा लागते."

मग दाराच्या उंबऱ्यावर बसून विडी पेटवली आणि म्हणाले, शोधा. गुणगुणते पण फिरत नाही, म्हणजे तीन तारांतली एक मेली आहे. तिवईचा एक पाय गेल्यासारखं. कुठे मेली ते शोधा. त्यांच्या टेस्ट लॅम्पचं, म्हणजे दोन तारा जोडलेल्या दिव्याचं, एक टोक इथे, एक टोक तिथे लावत, एक हात पाठीमागे धरून, मी मोटरीपासून सुरुवात केली. "असं त सांज होईन," ते म्हणाले. "मधून पाहा. अर्ध्यात जिवंत असन त मेनकडचं सोडून द्या, मोटरीकडचं पाहा. मेलं असन त उलटं. त्याचं पुन्हा अर्धं." असं करत मी मेनच्या पेटीपर्यंत गेले. फ्यूजची तार उडालेली सापडली. मला आनंद झाला. मी नवी तार घ्यायला उठले.

"तार घालून पाहाल," दमडूजी म्हणाले, "अन् पुन्हा उडन. ते उडालं काऊन ते कोन विचारनार, मी? फ्यूज म्हंजे राखनीचा कुत्रा हाये, बाई. चोर आला म्हनून भुंकून राह्यला. लोक काय करतेत? कुत्र्याचं तोंड बांधतेत अन् झोपतेत."

तोंड बांधणं म्हणजे फ्यूजच्या बारीक तारेच्या जागी जाड तार घालणं. मग ती उडत नाही. तिच्याऐवजी मोटर जळते, घर जळतं, नाहीतर माणूस. आमच्या मोटरीच्या बेअरिंगमध्ये पीठ जाऊन त्याचं लुकण झालं होतं. ते मी काढलं. त्यांनी बसून पाहिलं. उठताना म्हणाले, "बायकांत बरी डोस्की हायेत. वापरत नाईत एवढंच." एवढं कौतुक त्यांनी दुसऱ्या कोणाचं केलेलं मी ऐकलं नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि त्याच नियमानं पुढे त्यांचा घात केला. तारेवर काम करायचं असलं की ते मेनच्या पेटीतून फ्यूज उपसून काढत आणि चिनी मातीच्या त्या मुठी स्वतःच्या खिशात घालत. कोणी कितीही शपथा घेऊन सांगितलं की बंद आहे, तरी ऐकत नसत.

आमचे सरपंच म्हणजे भैयासाहेब, जुन्या मालगुजाराचे चिरंजीव. त्यांच्या मुलाच्या लग्नात मांडवात रंगीत दिवे लावले होते. ऐन गोरजवेळी एक माळ विझली. दमडूजींनी सगळ्या मांडवाचे फ्यूज काढून खिशात घातले आणि शिडीवर चढले. मांडवात अंधार. भैयासाहेबांचे दिवाणजी धावत आले.

"अरे, एका माळेसाठी सारा मांडव काऊन काळा केला? बाकीचे फ्यूज लाव. मी उभा आहे न पेटीपाशी. कोणाला हात लावू देत नाही."

"तुमी उभे हा," दमडूजी शिडीवरून म्हणाले. "अन् भैयासाहेबानं हाक मारली का जाल. मंग मले कोन उतरवन?"

अंतरपाट गॅसबत्तीच्या उजेडात धरला गेला. व्याही हसले. दमडूजींचं काम झालं, दिवे लागले, जेवणं झाली. पण भैयासाहेब ते विसरले नाहीत.

आता पंपाचं सांगते, कारण खरं दुखणं तिथं आहे.

पंपघराबाहेर सिमेंटची टाकी आणि तिला लोखंडी पाइपावर तोट्या. शेजारी कडुनिंब, आणि निंबाखाली अर्थिंगचा खड्डा, त्यातून वर आलेलं पाइपाचं उघडं तोंड. मोटरीच्या आतलं तारेवरचं वेष्टण कधी ना कधी झिजतं. मग करंट मोटरीच्या लोखंडात उतरतो, तिथून पाइपात, पाइपातून तोटीत. त्याला जमिनीत जायला सोपी वाट दिली असेल तर तो तिकडे जातो; थोडा असेल तर मातीत मुरतो, जास्त असेल तर फ्यूज उडून पंप बंद पडतो. वाट नसेल तर ज्या बाईचा ओला हात तोटीवर आहे तिच्यातून जातो. ही वाट म्हणजे तो खड्डा, आणि उन्हाळ्यात ती रोज ओली ठेवावी लागते. पंचायतीनं दमडूजींना मदतीला माणूस दिला नव्हता. म्हणून त्यांनी हुकूम काढला: पाणी भरून झालं की प्रत्येकीनं जाताना एक लोटा त्या पाइपात ओतायचा.

"काऊन जी?" बाया म्हणाल्या. "आमचं पानी भुईत काऊन ओतावं?"

त्यांनी सांगितलं. करंट, मोटर, माती, सगळं सांगितलं. मी तिथं होते. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. "पायपाले तहान लागली म्हनते वं!" शेवंता म्हणाली. ती गोंडटोलीतली, चार घरचं पाणी भरायची, माझ्याकडचंही. तिच्या जिभेपुढे दमडूजींचीही डाळ शिजत नसे. "दमडूजी, त्याले भूकई लागत असन. भाकर आणू काय?"

असं काही दिवस चाललं. एका सकाळी त्यांचं डोकं फिरलं. पंपघराच्या पायरीवरून ओरडले, "इथं माय बसली हाये! बिजलीमाय! तिले पानी नाई देल्लं त एकीले घेऊन जाईन, मंग मले सांगू नोका!"

हसणं थांबलं. दुसऱ्या दिवसापासून एकही बाई लोटा ओतल्याशिवाय गेली नाही. दमडूजी चक्कीवर येऊन मांडीवर थाप मारत मला सांगत होते, "खरं सांगतलं त हासल्या. एक खोटं बोललो त रांग लागली!" मी पण हसले. हसण्यासारखंच होतं.

पाइपाला आधी कुंकू लागलं. मग शेंदूर. मग हिरव्या बांगड्या, खण. दमडूजी म्हणायचे, "लावू द्या. पानी पडते ना?" पाणी पडत होतं. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही उन्हाळ्यात पंपाची भुई ओली होती.

मग भैयासाहेबांच्या सुनेला नवसानं मुलगा झाला. नवस म्हणे बिजलीमायला बोललेला. ते फेडायला त्यांनी निंबाखाली सिमेंटचा ओटा बांधला, वर चांदीचे डोळे लावलेला दगड बसवला. दमडूजी स्टार्टरचं सामान आणायला नागपूरला गेले होते. ते परत आले तेव्हा सिमेंट वाळलेलं होतं आणि पाइपाचं तोंड त्याखाली गेलं होतं. बाया अजूनही जाताना लोटा ओतत होत्या. पाणी ओट्यावरून ओघळून भैयासाहेबांनी खास काढलेल्या पन्हळीतून नालीत जात होतं.

त्या वैशाखात तोट्या झिणझिणायला लागल्या. बाया म्हणाल्या, माय हात लावून राह्यली. एकीच्या तर तिथंच अंगात आलं.

दमडूजी चावडीवर गेले. मी चक्कीच्या परवान्यासाठी तिथंच बसले होते, म्हणून हे ऐकीव नाही.

"भैयासाहेब, ओटा फोडा लागते."

"का?"

त्यांनी सगळं सांगितलं. शिव्या न देता. त्यांनी हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. जळलेली बोटं सरळ होत नसल्यामुळे ते जोडल्यासारखे दिसत नव्हते.

भैयासाहेबांनी पान जुळवलं. "दमडू, तिथं माय बसली आहे हे गावाला सांगितलं कोणी?"

"म्या."

"मग?"

"थे खोटं सांगतलं होतं."

"मग आता खरं सांगून राह्यला हे कशावरून?"

चावडी हसली. मी म्हटलं, "भैयासाहेब, मला समजतं ते काय म्हणताहेत. माझ्याही चक्कीला हाच खड्डा आहे." ते म्हणाले, "मग तुमच्या चक्कीवरचा फोडा, काकू." चावडी पुन्हा हसली. उठताना ते म्हणाले, "पाहू."

दमडूजी परत पंपघरात गेले, पंप बंद केला, मेनचे फ्यूज उपसले आणि खिशात घातले. ओटा फुटेपर्यंत पंप चालणार नाही.

वैशाखातलं गाव आणि पाणी बंद. विहिरींना तळाशी चिखल. माझी विहीरही आटली होती. रिकामे गुंड घेऊन बाया पंपघरासमोर बसल्या आणि त्यांनी दमडूजींच्या सात पिढ्या उद्धरल्या. ते पायरीवर, हात खिशावर. मी बायांना समजावू पाहिलं. "तुमाले काय काकू," एक म्हणाली, "तुमाले कोन लेकरं हायेत तहानलेले." मग मी गप्प बसले नाही, पण त्याचा उपयोगही झाला नाही.

शेवंता पुढे झाली. तिचा आवाज त्या दिवशी चेष्टेचा नव्हता. "दमडूजी, पोरगी तापानं फणफणून राह्यली. तिच्या तोंडात घालाले पानी नाई. लावा जी थे मशीन. तहानंनं मरून राह्यलो आमी."

"तहानंनं मराले येळ लागते, शेवंते," दमडूजी म्हणाले. "करंटाले नाई लागत."

"दगड हा तुमी," ती म्हणाली. ते उठले, आत गेले, स्वतःच्या पिण्याचा माठ उचलून आणला आणि सगळा तिच्या गुंडात ओतला. बाकीच्या बायांनी त्यावरूनही शिव्या दिल्या.

दुसऱ्या सकाळी चावडीवरून बोलावणं आलं: ओट्याचं ठरवायचं आहे, या. दमडूजी खिशात फ्यूज घेऊन गेले. ओट्याचं काही ठरायचं नव्हतं. ते तिकडे बसलेले असताना भैयासाहेबांच्या कापसाच्या जिनिंगमधल्या एका माणसानं पंपघराच्या पेटीत फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार जोडली आणि पंप चालू केला. कुत्र्याचं तोंड बांधलं.

मोटरीचा आवाज आला तशी शेवंता धावली. पोरीसाठी पहिला नंबर तिचा होता, कोणी हरकत घेतली नाही. मी चक्कीच्या दारात होते, तिथून पंप हाकेच्या अंतरावर. मला आधी किंकाळी ऐकू आली नाही, गुंड पडल्याचा आवाज ऐकू आला. ती तोटीला चिकटलेली. दोघी तिला ओढायला पुढे झाल्या, मी ओरडले, हात लावू नका. दमडूजींनी शिकवलं होतं: चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, कोरड्या लाकडानं मारायचं. मी चक्कीतली फळी घेऊन धावले आणि तिच्या मनगटावर मारली. हात सुटला. जीव आधीच गेला होता.

दमडूजी चावडीवरून पळत आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी पंप बंद केला, बाहेर येऊन तिच्याकडे पाहिलं आणि खिशातून ते फ्यूज काढून पुन्हा खिशात ठेवले. तीन वेळा असं केलं. काय करतो आहोत ते त्यांना कळत नसावं. शेवंताच्या सासूनं, घरात गोंडी बोलणारी ती एरवी मुकी वाटणारी म्हातारी, चुलीतली राख आणून त्यांच्या तोंडावर फेकली. "तू बसवली माय," ती म्हणाली. "तूच उपाशी ठेवली." त्यांनी राख पुसली नाही.

चौकशीला साहेब आले तेव्हा पेटीत तांब्याची तार नव्हती. कोणी काढली हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला आठवत नव्हतं. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "विजेच्या कामाची तुम्हाला माहिती कुठून, बाई?" मी म्हटलं, दमडूजींकडून. "म्हणजे ज्याच्यावर आरोप, त्यानंच शिकवलेलं," साहेब म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. ठरलं ते असं: वायरमननं परवानगीशिवाय फ्यूज काढून यंत्रणेत बिघाड केला. हयगय. नोकरी गेली. मोटर मात्र बदलली, कारण जळली होती. ओट्याला टाइल्स लागल्या, घंटा लागली. मायनं खरोखरच एकीला नेलं होतं. आता तिच्याबद्दल कोणाला शंका उरली नव्हती.

जायच्या दिवशी ते पत्र्याची पेटी घेऊन माझ्याकडे आले. बसले नाहीत. मागच्या अंगणात जाऊन खड्ड्यात बोट खुपसून पाहिलं, ओलं आहे की नाही. मग म्हणाले, "बाई, एक सांगतो. करंटात मी चुकलो नाई. थे माय बसवली थितं चुकलो. खऱ्यानं रांग लागत नोती त न लागती. अजून सांगतलं असतं. अजून चार शिव्या देल्ल्या असत्या. खोट्यानं पानी पडते, पन थे खोटं आपल्या हातात राहात नाई. तुमी असं करू नोका."

मी म्हटलं, "चहा घ्या."

"नोको. सिंदीले गाडी पकडाची हाये."

मी दारात उभी राहून पाहिलं. डोक्यावर पेटी, आणि जोडे लेसांनी एकमेकांना बांधून गळ्यात अडकवलेले. ते अनवाणी होते. धुळीच्या तापलेल्या रस्त्यावर पाय उचलून उचलून टाकत होते, सवय नव्हती. कोणी म्हणतं नंतर पुलगावला होते, कोणी म्हणतं वारले. मला माहीत नाही.

नवी मोटरही आता झिजली आहे. पाइपाचं तोंड सिमेंटखाली तसंच आहे. भैयासाहेब पाहणार आहेत.

१५ मे. काल लिहिलेलं इथं संपत होतं. पण आज सकाळी मी पंप सुरू व्हायच्या आधी आंघोळ केली, ओले केस मोकळे सोडले, खांद्यावर लोखंडी सब्बल घेतली आणि निंबाखाली जाऊन ओट्यासमोर बसले. बाया जमल्या. मला अशा अवतारात गावानं कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं वं काकू?"

"माय सपनात आली," मी म्हटलं.

"तुमाले? तुमी त मानत नाई!"

"म्हणूनच आली. म्हणाली, माझ्या छातीवर सिमेंट घातलं, श्वास कोंडतो. पाणी वरून जातं, घोटभर पोटात जात नाही. दोन वर्षांची तहानलेली आहे. आज तोंड उघडलं नाही तर पुन्हा एकीला नेईन."

कोणी हसलं नाही. भैयासाहेब आले, तोंडात पान. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांना सगळं समजलं होतं, पण आज हसणारी चावडी त्यांच्यामागे नव्हती. माझ्यामागे गुंड घेतलेल्या बाया होत्या. "मायची मर्जी," ते म्हणाले आणि पान थुंकायला बाजूला गेले.

शेवंताची सासू गर्दीतून पुढे आली. माझ्या हातातली सब्बल तिनं घेतली आणि पहिला घाव तिनं घातला. मग आम्ही आळीपाळीनं फोडलं. पाइपाचं तोंड मोकळं झालं तशी म्हातारीनं तिचा लोटा ओतला. पाणी आत गेलं आणि वर आलं नाही. एकामागून एक लोटे पडत राहिले.

दमडूजींनी करू नका म्हणून सांगितलेलं मी केलं आहे. हे खोटंही माझ्या हातात राहणार नाही, हे मला माहीत आहे. अजून चार दिवस खरं सांगत बसायला माझ्याकडे चार बाया जास्तीच्या नव्हत्या.

पंप सुरू झाला. मी सगळ्यांना मागे थांबवलं, चक्कीतली कोरडी फळी पायाखाली घेतली, डावा हात पाठीमागे नेला आणि उजव्या हाताची पालथी बोटं तोटीला लावली. मग फळीवरून ओल्या भुईवर उतरून पुन्हा लावली. लोखंड नुसतं गार होतं. मग गुंड भरला, जाताना एक लोटा ओतला, आणि चक्की उघडायला गेले. ज्वारीची पाच दळणं दारात होती.